'काहीच घेऊ नकोस' हासुद्धा एक उपचारच आहे

२२ सप्टेंबर २०२५. आपल्याकडे घट बसले त्याच तारखेला अमेरिकेच्या अध्यक्षांनी व्हाइट हाउसमधून गरोदर बायकांना सांगितलं की टायलेनॉल घेऊ नका, शक्य तेवढं सोसा, कारण त्याने मुलांना ऑटिझम (स्वमग्नता) होण्याचा धोका वाढतो. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, क्रोसिन, डोलो. नवरात्र संपायच्या आत हा सल्ला मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर पोचला आणि नेहमीप्रमाणे दोन फळ्या पडल्या. एका फळीला आनंद झाला: बघा, आता अमेरिकाच म्हणते, आमच्या आज्या काढ्यावरच बाळंतपणं निभावायच्या. दुसरी फळी हसली: ट्रम्प म्हणतात म्हणजे खोटंच असणार, पॅरासिटामॉल शंभर टक्के सुरक्षित आहे, विषय संपला. दोन्हीकडच्या मंडळींनी हिरिरीने लिंका टाकल्या. जिला सातवा महिना आहे आणि अंगात १०२ ताप आहे, तिच्या हाती या भांडणातून काहीही लागलं नाही.

लागणार तरी कसं? दोन्ही फळ्या एकाच चुकीच्या प्रश्नावर भांडत होत्या: ही गोळी सुरक्षित आहे की नाही? जणू सुरक्षितपणा हा गोळीच्या अंगचा गुण आहे, तिच्या रंगासारखा. खरा प्रश्न नेहमी तुलनेचा असतो. या बाईला, या महिन्यात, या दुखण्यासाठी हे औषध दिलं तर काय होईल आणि नाही दिलं तर काय होईल? यातला दुसरा अर्धा भाग आपल्या चर्चेतून गायब आहे. डॉक्टरांच्या तोंडून तो क्वचित ऐकू येतो आणि औषधाच्या खोक्यातल्या घडीच्या कागदावर तर बहुधा नसतोच. गरोदर बाईला 'काहीच घेऊ नकोस' म्हणणं याला आपण सावधपणा समजतो. माझ्या मते तो उपचार नाकारण्याचा निर्णय आहे. त्यालाही परिणाम असतात, आणि सल्ला देणाऱ्याने त्या परिणामांचाही हिशेब द्यायला हवा.

आधी पॅरासिटामॉलचंच बघू. गरोदरपणात ते घेतलेल्या बायकांच्या मुलांत ऑटिझम किंवा अतिचंचलपणा किंचित जास्त आढळतो असं सांगणारे काही अभ्यास आहेत, आणि ते कुणी घरबसल्या रचलेले नाहीत. पण बाई ही गोळी घेते कशासाठी? ताप, एखादा संसर्ग, अर्धशिशी, अंगदुखी. मग दिसलेला फरक गोळीचा, की ज्यासाठी गोळी घेतली त्या दुखण्याचा, की घराण्यातून आलेला? स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या सुमारे २४ लाख ८० हजार मुलांच्या नोंदींवर एक अभ्यास झाला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या मुलांची सरसकट तुलना केली तेव्हा थोडा फरक दिसला. मग एकाच आईच्या मुलांची आपसांत तुलना केली (एकाच्या वेळी गोळी घेतलेली, दुसऱ्याच्या वेळी नाही) आणि फरक नाहीसा झाला. उलट पहिल्या तिमाहीतल्या जोराच्या तापाचा संबंध बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूच्या घडणीतल्या दोषांशी आढळलेला आहे. म्हणजे 'ताप अंगावर काढ' म्हणणाऱ्याने बाळाला धोक्यातून बाहेर काढलेलं नसतं, एका धोक्याऐवजी दुसरा निवडलेला असतो, तोही न सांगता.

शिवाय सोसायला सांगितलेली बाई खरंच किती सोसते? दुखणं वाढलं की घरातला औषधांचा डबा निघतो आणि त्यात कॉम्बिफ्लॅमची पट्टी सापडते. तिच्यात पॅरासिटामॉलच्या जोडीला आयब्युप्रोफेन असतं. विसाव्या आठवड्यानंतर त्या गटातल्या औषधांनी बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्येच दिला आहे. तो इशारा कुणाच्या ग्रुपवर आला होता? क्रोसिनला घाबरवलेली बाई कॉम्बिफ्लॅमकडे वळते आणि सल्ला देणारा आपण दक्षता घेतली या समाधानात राहतो.

आता विरोधी बाजूचं भक्कम म्हणणं. गरोदरपणातल्या औषधांविषयीचा संशय आकाशातून पडलेला नाही, तो कमावलेला आहे. १९५७ च्या ऑक्टोबरात पश्चिम जर्मनीत कॉन्टरगन या नावाने थॅलिडोमाइड बाजारात आलं. निर्धोक झोपेचं औषध, चिठ्ठीशिवाय मिळेल, अशी त्याची जाहिरात होती. गरोदर बायका झोपेसाठी, मळमळीसाठी ते घेऊ लागल्या. १९६१ अखेर जर्मनीत विडुकिंड लेन्झ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी धोक्याची घंटा वाजवली तोवर जगभरात दहा हजारांच्या आसपास मुलं हातापायांची वाढ खुंटलेली किंवा अन्य गंभीर दोष असलेली जन्माला आली होती. त्यातली कितीतरी जगली नाहीत. त्याआधीपासून अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून डीईएस नावाचं कृत्रिम संप्रेरक दिलं जात होतं. १९७१ मध्ये उघड झालं की ते घेतलेल्या बायकांच्या मुलींना ऐन तारुण्यात योनीमार्गाचा एक दुर्मीळ कर्करोग होतो आहे. आईने घेतलेली गोळी, भोगलं मुलीने, वीस वर्षांनी. अगदी अलीकडचं पाहायचं तर अपस्मारावरचं, म्हणजे फिट येण्याच्या आजारावरचं, व्हॅल्प्रोएट. पोटात असताना हे औषध गेलेल्या साधारण दहातल्या एका बाळात जन्मजात दोष आढळतो आणि याहून कितीतरी अधिक मुलांच्या बौद्धिक वाढीवर परिणाम होतो. तरी ब्रिटनमधल्या हजारो बायकांना हे वर्षानुवर्षं नीट सांगितलंच गेलं नाही. तिथल्या चौकशी समितीचा २०२० चा अहवाल वाचताना संताप येतो.

घरातलंही बघू. गर्भ 'टिकण्यासाठी' प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची इंजेक्शनं आणि गोळ्या आपल्याकडे कुंकू लावावं इतक्या सहज दिल्या जातात. वारंवार गर्भपात होणाऱ्या आणि त्याचं कारण न सापडलेल्या बायकांना त्याचा फायदा होतो का, हे तपासणारी मोठी चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. फायदा दिसला नाही. आधी गर्भपात झालेला आहे आणि या खेपेला रक्तस्राव होतो आहे, अशा बायकांना काही उपयोग होत असावा, असं नंतरच्या अभ्यासातून दिसतं. पण आपल्याकडची चिठ्ठी इतका विचार करून लिहिलेली असते का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या खासगी रुग्णालयांमधली ४७.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसतं, सरकारी रुग्णालयांत हाच आकडा १४.३ आहे. एवढा फरक केवळ बायकांच्या प्रकृतीतला असेल, यावर कोण विश्वास ठेवील? तेव्हा एखादी सासू 'ते डॉक्टर उगाच औषधं भरतात' म्हणत असेल तर तिला अडाणी ठरवून मोकळं होता येणार नाही. तिचं निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून तिने काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

कारण याच कहाण्या नीट वाचल्या तर त्या भलतंच सांगतात. थॅलिडोमाइडचा अनर्थ औषध गरोदर बायकांवर तपासल्यामुळे घडला का? ते तपासलंच गेलं नव्हतं. तपासणीशिवाय ते लाखो बायकांना विकलं गेलं. मोजक्या बायकांच्या काळजीपूर्वक नोंदी ठेवल्या असत्या तर इतका ठळक दोष लवकर ध्यानात आला असता. अमेरिकेत ते आलं नाही याचं श्रेय फ्रान्सिस केल्सी यांना. औषध प्रशासनातल्या या बाईंनी कंपनीच्या दडपणाला भीक न घालता पुन्हा पुन्हा पुरावा मागितला. डीईएसचं तर आणखी विचित्र. १९५३ मध्येच शिकागोमधल्या चाचणीने दाखवून दिलं होतं की त्याने गर्भ टिकत नाही. पुरावा हातात होता, तरी पुढची अठरा वर्षं ते लिहून दिलं जात राहिलं. म्हणजे एका ठिकाणी तपासणी झाली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी झालेल्या तपासणीकडे कुणी पाहिलं नाही. यावरून 'गरोदर बायकांना तपासणीपासून दूर ठेवा' हा धडा निघतोच कसा?

पण जगाने तोच धडा घेतला. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितलं. १९९३ मध्ये तो नियम मागे घेतला गेला, तरी गरोदर बायका बव्हंशी बाहेरच राहिल्या. बाईला दिवस गेले म्हणून तिचा दमा, फिट, क्षय, थायरॉइड, नैराश्य ही दुखणी सुटीवर जात नाहीत. तिला औषध लागतंच. ते दिलंही जातं, फक्त अंदाजाने. चाचणीत एका बाईला जोखीम नको म्हणून बाहेर प्रत्येक बाईला ती घ्यायला लावायची आणि त्याची नोंदही ठेवायची नाही, अशी ही व्यवस्था आहे.

निव्वळ भीतीने औषध काढून घेतलं तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे आणि ते कुणी फारसं सांगत नाही. गरोदरपणातल्या उलट्यांवर अमेरिकेत १९५६ पासून बेंडेक्टिन नावाची गोळी मिळत होती. थॅलिडोमाइडच्या सावटाखाली तिच्यावरही व्यंगं निर्माण केल्याचे खटले भरले गेले. अभ्यासांत काही सापडलं नाही, पण खटल्यांच्या खर्चाला कंटाळून कंपनीने १९८३ मध्ये ती बाजारातून काढली. पुढे काय झालं? जन्मजात व्यंगांचं प्रमाण घटलं नाही. उलट्यांमुळे रुग्णालयात भरती होणाऱ्या गरोदर बायकांचं प्रमाण मात्र चांगलंच वाढलं. तीस वर्षांनी, २०१३ मध्ये, तेच मिश्रण नव्या नावाने अमेरिकेत परतलं. आपल्याकडे डॉक्सिनेट म्हणून जी गोळी मिळते तिच्यातही हेच घटक आहेत. मधल्या तीस वर्षांत ज्या अमेरिकन बायकांनी सलाइनच्या बाटल्या लावून घेत दिवस काढले, त्यांच्या नावाने कोणता खटला उभा राहिला?

दुसरं उदाहरण आफ्रिकेतलं. डोल्युटेग्राविर हे एचआयव्हीवरचं चांगलं औषध. २०१८ च्या मे महिन्यात बोत्सवानातून बातमी आली की गर्भधारणेच्या वेळी ते घेत असलेल्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांना मज्जारज्जूचा दोष आढळला. अपेक्षेपेक्षा हे बरंच जास्त होतं. दुर्लक्ष करावं असं नव्हतंच, आणि सावधगिरीचा इशारा दिला गेला तो योग्यच होता. पण अनेक देशांनी मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना हे औषध द्यायचंच थांबवलं, तिला मूल हवं आहे का हे न विचारता. तेव्हा रवांडातल्या किगालीत जमलेल्या एचआयव्हीबाधित आफ्रिकी बायकांनी मागणी केली की धोका किती आणि फायदा किती ते आम्हाला सांगा, निवड आम्ही करू. औषध बंद करा अशी त्यांची मागणी नव्हती, सुरक्षित असल्याची हमीही त्यांनी मागितली नाही. बोत्सवानात नोंदी चालू राहिल्या, आकडा वाढत गेला तसा धोका लहान होत गेला, आणि २०१९ च्या जुलैत जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बायकांसह सर्वांसाठी याच औषधाला पहिली पसंती दिली. पुढच्या नोंदींत तर इतर औषधांच्या तुलनेत फरक उरलाच नाही. शंका आली, नोंदी ठेवल्या, शंका फिटली. पॅरासिटामॉलच्या गोंधळात असं काही शिस्तीने बोलताना मला त्या व्यासपीठावर कुणी दिसलं नाही.

आणि आपली गोष्ट? १६ जानेवारी २०२१ ला देशात कोविडची लस सुरू झाली. पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा, पण त्यातल्या गरोदर बायकांना वगळून, कारण चाचण्यांत गरोदर बायका नव्हत्या. वॉर्डात ड्यूटी करणारी पाच महिन्यांची पोटुशी नर्स कोविडच्या रुग्णाला हात लावू शकत होती, लस मात्र घेऊ शकत नव्हती. मग दुसरी लाट आली. परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने महाराष्ट्रातल्या रुग्णालयांकडून गरोदर कोविडबाधितांच्या नोंदी जमवल्या होत्या. त्यातून दिसलं की पहिल्या लाटेत बाधित गरोदर आणि बाळंतिणींमधला मृत्युदर ०.७ टक्के होता, दुसऱ्या लाटेत तो ५.७ टक्के झाला. गरोदर बायकांना लसीची परवानगी मिळाली २ जुलै २०२१ ला, लाट ओसरल्यावर. लस असती तर त्यातल्या किती वाचल्या असत्या हे सांगता येणार नाही, आणि तेव्हा लस सगळ्यांनाच अपुरी होती हेही खरं. पण 'थांबा, पुरावा येऊ द्या' म्हणणाऱ्यांच्या हिशेबात थांबण्याची किंमत कुठे लिहिली होती? पुरावा आपोआप येत नसतो. गरोदर बायकांना बाजूला ठेवून तो कधीच येणार नव्हता.

मुंबईनेच याच्या उलटही करून दाखवलेलं आहे, तेही जवळपास शंभर वर्षांपूर्वी. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली, ती कापड गिरण्यांतल्या कामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घ्यायला. या बायका गरीब होत्या, त्यांचं खाणं तुटपुंजं होतं. विल्सने त्यांचा आहार तपासला, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी यीस्टपासून बनवलेलं मार्माइट नावाचं स्वस्त खाद्य देऊन पाहिलं. बायका बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. मार्माइटमधला तो गुणकारी घटक नक्की कोणता हे कळायला आणखी दशकभर गेलं. आज आपण त्याला फॉलिक ॲसिड म्हणतो. पुढे १९९१ मध्ये ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केलं की आधीच्या मुलाला मज्जारज्जूचा दोष असलेल्या बाईने गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर तो दोष पुन्हा उद्भवण्याचा धोका ७२ टक्क्यांनी कमी होतो. आशाताई आज जी लाल गोळी हातावर ठेवते, तिच्यातलं ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड म्हणजे गिरणगावातल्या त्या बायकांची देणगी आहे. 'नको बाई, गरोदर आहेत, हात लावायला नको' असं विल्स म्हणाली असती तर?

त्या लाल गोळीचं पुढे काय होतं? सरकारी कार्यक्रमाप्रमाणे गरोदरपणात लोह-फॉलिक ॲसिडची गोळी १८० दिवस घ्यायची. देशपातळीवर ती तितके दिवस घेतल्याचं सांगणाऱ्या बायका २६ टक्के आहेत, आणि गरोदर बायकांपैकी ५२.२ टक्के रक्तक्षयाच्या आहेत. गोळ्यांनी बाळ फार मोठं होतं आणि बाळंतपण अडतं, बाळ काळं होतं, गोळी 'उष्ण पडते', हे सगळं आपण ऐकलेलं आहे. पण ज्यांना हे हसू येतं त्यांनी एक लक्षात घ्यावं. गोळी घेतल्यावर शौचाला काळं होतं, मळमळतं, पोट साफ होत नाही, हे बाईने स्वतः अनुभवलेलं असतं. ते असं होणार, होऊ द्या, रात्री जेवणानंतर घेऊन पाहा, चहासोबत घेऊ नका, हे तिला आधी कुणी सांगितलेलं नसतं. सांगणाऱ्याने फक्त 'घ्या' म्हटलं, आणि घरच्यांनी 'नको' म्हटलं. कारण दोघांनीही दिलं नाही. मग ती ज्यांच्यासोबत राहते त्यांचं ऐकते, यात नवल ते काय?

डॉक्टरांच्या बाजूनेही बोललं पाहिजे, कारण या सगळ्यात त्यांचीही कोंडी आहे. औषध दिलं आणि बाळात काही दोष निघाला तर बोट डॉक्टरांकडे जातं, कधी कोर्टात, कधी थेट काचा फोडण्यापर्यंत. कोणतंही औषध न घेता झालेल्या बाळंतपणांतही शंभरातल्या दोनतीन बाळांत मोठा जन्मजात दोष असतोच, पण हे त्या क्षणी कुणाला ऐकायचं असतं? उलट औषध दिलं नाही, बाईचा दमा बळावला, फिट येऊन ती पडली, क्षय फुप्फुसभर पसरला, तर घरचे म्हणतात नशीब. करून झालेली चूक दिसते, न करून झालेली दिसत नाही. मग दातांचे डॉक्टर म्हणतात 'बाळंतपणानंतर या', फिजिशियन म्हणतात 'आधी गायनॅककडून लिहून आणा', गायनॅक म्हणतात 'हे माझ्याकडचं नाही'. महिनाभर खोकणाऱ्या गरोदर बाईचा छातीचा एक्सरे लांबवला जातो. त्या एक्सरेतून बाळापर्यंत पोचणारा किरणोत्सर्ग ०.०१ मिलिग्रेच्या (मिलिग्रे हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) आसपास किंवा त्याहून कमी असतो, आणि बाळाला इजा झाल्याचं ५० मिलिग्रेच्या खाली दिसलेलं नाही. हे डॉक्टरांना ठाऊक नसतं असं नाही. ठाऊक असूनही सही करायची नसते.

आणि व्हॅल्प्रोएटचं काय, असं कुणी विचारील. तिथे तर सावधपणाच बरोबर होता ना? होता, पण कोणता? 'दिवस गेले, गोळ्या बंद' हा नव्हे. अपस्माराची गोळी एकदम बंद केली तर फिटांचा झटका आईचा आणि बाळाचा दोघांचाही जीव घेऊ शकतो. बरोबर सल्ला लग्नाच्या किंवा मूल होऊ द्यायचा विचार सुरू व्हायच्या आधीचा आहे: दुसरं कमी धोक्याचं औषध चालतंय का पाहा, डोस ठरवा, फॉलिक ॲसिड सुरू करा, मग दिवस राहू द्या. यासाठी मुलीला फिट येतात हे सासरी लपवायची वेळ येऊ नये, हा आणखी अवघड भाग. पण तो समाजाने सोडवायचा आहे, गोळीला दोष देऊन तो सुटत नाही. ॲस्पिरिनचंही असंच. 'गरोदरपणात ॲस्पिरिन नको' असं ऐकत आलेल्या घरांत आता रक्तदाबाचा धोका असलेल्या बाईला सोळाव्या आठवड्याच्या आत ॲस्पिरिनचा लहान डोस लिहून दिला जातो आणि घरात गहजब होतो. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत, धोका जास्त असलेल्या बायकांमध्ये, रोजच्या १५० मिलिग्रॅमने मुदतीआधी उद्भवणारा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात रक्तदाब वाढून होणारा गंभीर विकार) ६२ टक्क्यांनी घटला. तेच औषध, डोस वेगळा, महिना वेगळा, बाई वेगळी.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते या चर्चेत आईकडे दाखवलं जाणारं बोट. सप्टेंबरातल्या त्या घोषणेच्या पंधरा दिवस आधी, ७ तारखेच्या रात्री, खग्रास चंद्रग्रहण होतं. किती गरोदर मुलींना त्या रात्री विळीला हात लावू दिला गेला नाही, किती जणी न हलता पडून राहिल्या, हे आपल्या आपल्या घरात विचारून पाहावं. बाळाचा ओठ दुभंगलेला निघाला की पहिला प्रश्न येतो: ग्रहणात काय कापलं होतंस? ऑटिझमबाबतही हेच घडलेलं आहे, आणि ते आजीबाईंनी नव्हे, पाश्चात्त्य विद्वानांनी केलं. १९५०-६० च्या दशकांत ब्रुनो बेटलहाइमसारखी माणसं सांगत होती की आईच्या थंड वागण्याने मूल असं होतं. दोन पिढ्यांच्या आयांनी ते ओझं वाहिलं, मग ते चूक ठरलं. आता नवा प्रश्न: तेव्हा क्रोसिन घेतली होतीस का? ऑटिझम असलेल्या मुलाच्या आईला हा प्रश्न जाऊबाई विचारणार आहे, शेजारीण विचारणार आहे, आणि रात्री ती स्वतःला विचारणार आहे. विळीची जागा गोळीने घेतली, एवढाच फरक. ज्यांना ग्रहणाच्या गोष्टीवर हसू येतं तेही या दुसऱ्या प्रश्नापाशी गंभीर चेहरा करतात.

मग नेमकं काय हवं? मोठ्या सुधारणांची यादी मी करत नाही, एकाच गोष्टीपासून सुरुवात करता येईल. प्रत्येक गरोदर बाईच्या हातात माता आणि बाल संरक्षण कार्ड असतं. त्यात वजन, रक्तदाब, लसी, धोक्याची लक्षणं यांच्या जागा आहेत. त्यात आणखी एक पान घाला: बाईला आधीपासून कोणता आजार आहे, कोणतं औषध चालू आहे, ते चालू ठेवायचं की बदलायचं, बंद केल्यास काय धोका, आणि हे ठरवलं कोणी, त्यांची सही. 'बंद' लिहिलं तरी सही, 'चालू' लिहिलं तरी सही. यावर लगेच आक्षेप येईल की प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांसमोर महिन्याच्या ९ तारखेला पंतप्रधान मातृत्व अभियानाच्या तपासणीची रांग असते, एका बाईला दोन मिनिटं मिळत नाहीत, त्यात हे पान कोण भरणार? आक्षेप खरा आहे. पण बहुसंख्य बायकांचं हे पान कोरंच राहील. ज्यांचं भरावं लागेल त्या थोड्या असतील, आणि आज रुग्णालयातल्या माता-मृत्यूच्या कागदांत ज्यांची नावं सापडतात त्यांतल्या बऱ्याच जणी याच थोड्यांपैकी असतात. २०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्राचा माता मृत्युदर लाख जिवंत जन्मांमागे ३३ पर्यंत खाली आलेला आहे, देशाचा ९७ होता. बाळंतपण दवाखान्यात होऊ लागल्याने आणि रक्तस्रावावर वेळेत इलाज मिळू लागल्याने जे वाचवायचे होते ते जीव बऱ्याच अंशी वाचले. आता उरलेल्या मृत्यूंत हृदयविकार, क्षय, रक्तक्षय अशा आधीपासूनच्या दुखण्यांचा वाटा वाढत जाणार, आणि त्या बायकांना 'काहीच घेऊ नकोस' सांगणारा शेजारी, नातेवाईक, औषध दुकानदार किंवा राष्ट्राध्यक्ष तेव्हा जवळपास नसतो.